हातून माणूस गेले तर

दोन माणसे लाकूडतोडीला रानात जातात. एकजण कुऱ्हाड उगारतो, घाव घालताना पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याला लागते. सोबती जागीच मरतो. दोघांत वैर नव्हते, भांडण नव्हते, आदल्या दिवशी कुणी कुणाला वाकडा शब्दही बोलले नव्हते. आता या कुऱ्हाडवाल्याचे काय करायचे? यहुद्यांच्या तोरा या धर्मशास्त्रातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात हा प्रसंग आला आहे आणि लागलीच उत्तरही दिले आहे: त्याने शरणपुरात पळून जावे आणि जगावे.

प्रस्तुत पुस्तक त्या उत्तराविषयी आहे. यहुदी धर्मशास्त्रात हा कायदा ‘गणना’च्या ३५व्या अध्यायात सविस्तर येतो, ‘यहोशवा’च्या २०व्या अध्यायात त्याची अंमलबजावणी सांगितली आहे, आणि पुढे मिश्ना या धर्मनियमांच्या संकलनातील ‘मक्कोत’ या प्रकरणाचा दुसरा अध्याय व त्यावरची ताल्मुदातील चर्चा त्याच्या प्रत्येक शब्दाची छाननी करते. बाराव्या शतकात मायमोनिडीसने, म्हणजे रम्बामने, हे सगळे नीट लावून आपल्या संहितेत घातले. इतक्या पिढ्यांनी ज्याच्यावर विचार खर्च केला, त्या कायद्याची मराठीत फारशी ओळख नाही. मला ही उणीव मोठी वाटते, कारण नकळत मनुष्यवध घडलेल्या माणसाचा एवढा बारकाईने आणि एवढ्या मायेने विचार केलेला दुसरा कायदा माझ्या वाचनात नाही.

कायदा समजायचा तर आधी तो कुठे उभा आहे ते पाहावे लागते. प्राचीन इस्राएलात पोलीस नव्हते. घरातले माणूस मारले गेले की सर्वांत जवळच्या नातलगावर त्याच्या रक्ताची जबाबदारी येई. या नातलगाला हिब्रूत ‘गोएल हद्दाम’ म्हणतात, रक्ताचा दावेदार. भाऊ गेल्याच्या रागात तो धावत सुटला, तर समोरच्याने हे मुद्दाम केले की चुकून झाले याची चौकशी करत तो थांबणार नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. ‘अनुवाद’ स्पष्टच सांगतो, की त्याचे मन तापलेले असते आणि वाट लांबची असली तर तो पाठलाग करून गाठेल. त्याचा राग शास्त्राने खोटा ठरवला नाही. त्याला फक्त एका वेशीबाहेर थांबायला लावले.

आसरा ही गोष्ट तशी त्या काळी नवी नव्हती. ग्रीक देवळांत आसरा मिळे, पुढे युरोपातल्या चर्चमध्येही मिळू लागला. खुद्द इस्राएलात वेदीची शिंगे धरणाऱ्याला अभय असे, पण ते भरवशाचे नव्हते आणि ‘निर्गम’च्या २१व्या अध्यायाने खुन्याला वेदीपासूनही ओढून नेण्याची मुभा दिली होती. सेनापती यवाब वेदीला धरून बसला, तरी शलमोनाच्या हुकुमावरून तिथेच मारला गेला. वेदीपाशी माणूस लपू शकतो, तिथे संसार करू शकत नाही. शरणपुराच्या कायद्याने आसरा देवळातून काढून नांदत्या गावात आणला. मोशे ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९५९ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले, की ही गावे केवळ लपायच्या जागा नव्हत्या. तिथे राहणे हीच शिक्षा होती आणि तेच प्रायश्चित्तही. या एका निरीक्षणाने सगळ्या कायद्याकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

गावे सहा. यार्देन नदीच्या पूर्वेला बेसेर, गिलादातले रामोथ आणि बाशानातले गोलान. पश्चिमेला हेब्रोन, शखेम आणि गालिलातले केदेश. शखेम म्हणजे आजच्या नाब्लुसचा परिसर, गोलानचे नाव आजही त्या पठाराला आहे, हेब्रोन तर आजही नांदतेच आहे. ताल्मूद म्हणतो, की द्राक्षमळ्यातल्या दोन ओळींसारखी ही गावे समोरासमोर होती: बेसेरसमोर हेब्रोन, रामोथसमोर शखेम, गोलानसमोर केदेश. दोन गावांमधले आणि गाव ते सीमा यांमधले अंतर सारखे पडावे असे देशाचे भाग पाडायचे होते, म्हणजे कुठेही अपघात घडला तरी पळणाऱ्याला वाट फार लांब पडू नये. ही सहाही गावे लेव्यांची. लेवी वंशाला इतरांसारखा जमिनीचा वाटा मिळाला नव्हता, राहायला ४८ गावे तेवढी होती. त्यांतली सहा शरणपुरे. ज्यांना स्वतःची जमीन नाही त्यांच्या दारात परागंदा माणसाला पाठवायचे, ही निवड मला विचारपूर्वक केलेली वाटते.

वाटांचीही चिंता वाहिलेली दिसते. साधा सार्वजनिक रस्ता १६ हात रुंद असेल, तर शरणपुराकडे जाणारा ३२ हात. रब्बी एलिएझेर बेन याकोव सांगतात, की प्रत्येक फाट्यावर ‘मिक्लात’, म्हणजे ‘आसरा’, असे लिहिलेले असे, म्हणजे जीव मुठीत घेऊन धावणाऱ्याला वाट विचारत थांबावे लागू नये. रम्बाम आणखी सांगतो, की दरवर्षी अदार महिन्याच्या १५ तारखेला न्यायसभेने माणसे पाठवून या वाटा दुरुस्त करून घ्यायच्या. अजून न घडलेल्या अपघातासाठी, अजून कोण ते ठाऊक नसलेल्या माणसासाठी, गावाने वर्षाला एकदा रस्ता नीट करायचा.

पहिल्यांदा पळून तिथे सगळेच जात, मुद्दाम मारणारेही. मग न्यायसभा माणूस पाठवून त्याला परत आणवी आणि खटला चाले. हेतुपुरस्सर खून ठरला तर देहदंड. दोष नाहीच असे ठरले तर सुटका. नकळत घडले असे ठरले, तर पुन्हा शरणपुरात रवानगी, आणि वाटेत दावेदाराने गाठू नये म्हणून दोन विद्वान सोबतीला. त्यांच्या हातात शस्त्र नसे. त्यांचे काम बोलण्याचे: बाबा रे, याच्या हातून नकळत घडले आहे, याला खुन्यासारखे वागवू नकोस.

‘नकळत’ म्हणजे नेमके काय, इथे मिश्ना आपली सगळी बुद्धी पणाला लावते. त्या काळची घरे सपाट, मातीने सारवलेल्या छतांची. छत घट्ट बसावे म्हणून त्यावर दगडी रूळ फिरवत. एक माणूस असा रूळ फिरवतो आहे, रूळ घरंगळून खाली पडतो, खालून जाणारा मरतो. रूळ उताराच्या दिशेने ढकलताना हे घडले असेल तर माणसाला शरणपुरात जावे लागते. स्वतःकडे वर ओढताना घडले असेल तर नाही. शिडीचेही तेच. उतरताना कुणावर पडलास तर परागंदा, चढताना पडलास तर मोकळा. ताल्मूद याला शास्त्रातल्या एका शब्दाचा आधार देतो. माझी समजूत अशी, की खाली जाणारी वस्तू खाली जाऊ शकते हे माणसाने ध्यानात ठेवायला हवे. वर ओढलेली वस्तू उलटी येणे हा दैवाचा भाग अधिक.

दगड फेकण्याचा दाखला तर वाचकाने थांबून पाहावा असा आहे. रस्त्यावर दगड फेकला आणि कुणी मेले, तर फेकणारा परागंदा होतो, असे मिश्ना म्हणते. ताल्मुदातले पंडित लगेच अडवतात: रस्त्यावर माणसे असणारच, मग हे नकळत कसे? उत्तर येते, तो आपली भिंत पाडत होता. मग त्याने बघून पाडायला हवी होती! रात्रीची वेळ होती. रात्रीही बघायलाच हवे! असे करत करत चर्चा एका उकिरड्यावर येऊन ठेपते, जिथे लोक रात्री शौचाला बसतात पण दिवसा सहसा बसत नाहीत, आणि नेमका त्या दिवशी एकजण तिथे बसला होता. एवढी नेमकी जागा सापडल्यावरच पंडितांचे समाधान होते. तिथे कुणीच येत नसते तर तो निर्दोष होता. नेहमी येत असते तर तो बेपर्वा होता. दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत शरणपूर आहे. रब्बी एलिएझेर बेन याकोव त्यात भर घालतात: दगड हातातून सुटल्यावर कुणी आपणहून डोके बाहेर काढून तो ओढवून घेतला, तर फेकणारा सुटला.

रम्बामने याच्या तीन पायऱ्या केल्या. केवळ दैवाने घडलेले, खरोखर नकळत घडलेले, आणि बेफिकिरीमुळे मुद्दाम केल्यासारखेच झालेले. शरणपुराची वाट मधल्यालाच मोकळी आहे. तिसऱ्याला शरणपूर आसरा देत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे: ही शिक्षा मिळणे हाही एक हक्क आहे आणि बेपर्वा माणूस तो गमावून बसतो.

काही ठिकाणी मात्र हा कायदा मला मानवत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मुलाला शिक्षा करणारा बाप, शिष्याला मारणारा गुरू, न्यायसभेच्या हुकुमाने फटके देणारा शिपाई, यांच्या मारात कुणी दगावले तर मिश्ना त्यांना शरणपुरातून सूट देते, कारण ते आपले कर्तव्य करत होते. मेलेल्या मुलाच्या आईला हे उत्तर पुरेल असे मला वाटत नाही. तसेच, ‘गणना’त ही गावे इस्राएल लोकांबरोबर उपऱ्यांसाठीही आहेत असे म्हटले असताना, मिश्नेने उपऱ्याच्या बाबतीत ती दारे बरीच आवळली. मूळ शब्द मोठा होता, व्याख्या लहान झाली.

आता शरणपुराच्या आत. ‘आणि जगावे’ या शब्दांना पंडितांनी घट्ट धरून ठेवले. जगायचे म्हणजे नुसता श्वास चालू ठेवायचा नाही. म्हणून शिष्य परागंदा झाला तर त्याच्या गुरूनेही त्याच्यासोबत जायचे, आणि गुरू परागंदा झाला तर सगळी पाठशाळाच तिकडे हलवायची. गाव फार लहान नको, कारण तिथे पोट भरणार नाही. फार मोठे नको, कारण गर्दीत दावेदार सहज शिरेल. पाणी हवे, बाजार हवा. पाणी नसेल तर आणावे, बाजार नसेल तर भरवावा, वस्ती रोडावली तर बाहेरून माणसे आणून वसवावी. शस्त्रे आणि शिकारीचे फासे तिथे विकायचे नाहीत, असेही एक मत आहे.

मक्कोतमधले मला सर्वांत जवळचे वाटणारे वाक्य त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या मिश्नेत आहे. शरणपुरात आलेल्या माणसाला गावकरी काही मान देऊ लागले, तर त्याने सांगायचे, ‘मी मनुष्यवध केलेला माणूस आहे.’ ते म्हणाले, ‘तरीही’, तर त्याने मान स्वीकारावा. एवढेच. त्याला आपली गोष्ट झाकून ठेवता येत नाही; त्याला मान द्यायचा की नाही, हे गाव ठरवू शकते. पण त्याने खरे बोलायचे आणि गावाने ते ऐकून मग ठरवायचे. ज्याच्या हातून अपघातात कुणाचा जीव गेला, अशा माणसाला आपण सहसा दोनच गोष्टी ऐकवतो: ‘तुझा काय दोष, विसरून जा,’ किंवा ‘खुनी’. पहिली ऐकून त्याला झोप येत नाही, दुसरी ऐकून त्याला जगवत नाही. मिश्नेने त्याला बोलायला एक वाक्य दिले आणि समोरच्याला उत्तरासाठी एक शब्द.

पैसे देऊन यातून सुटता येत नाही. ‘गणना’त ही बंदी अगदी स्पष्ट आहे: खुन्याकडून खंडणी घेऊन त्याला सोडायचे नाही, आणि शरणपुरात पळालेल्याकडूनही खंडणी घेऊन त्याला वेळेआधी घरी परतू द्यायचे नाही. शेजारच्या हित्ती लोकांच्या कायद्यात अशा मृत्यूची भरपाई म्हणून माणसे द्यावी लागत. इथे श्रीमंत आणि गरीब एकाच गावात, एकाच मुदतीसाठी. वेस ओलांडायची नाही, ती साक्ष द्यायलाही नाही, आणि साऱ्या इस्राएलला त्याची गरज पडली, तो यवाबासारखा सेनापती असला, तरीही नाही. वेशीवरच्या झाडाची फांदी आत झुकली आहे की बाहेर, यावरही मिश्नेने निकाल दिला आहे, कारण त्या फांदीखाली एखाद्याचा जीव वाचू किंवा जाऊ शकत होता.

मुदत किती? महायाजकाचा मृत्यू होईपर्यंत. कायद्यातले हे सर्वांत अनपेक्षित कलम. आज आलेला माणूस महिनाभरात घरी जाईल, दुसरा म्हातारा होईल. यावर पिढ्यानपिढ्या खल झाला आहे. ग्रीनबर्गच्या मते जीवाच्या बदल्यात जीव हवा असतो आणि साऱ्या लोकांच्या वतीने वेदीसमोर उभ्या राहणाऱ्या याजकाचा मृत्यू ते ऋण फेडतो. रम्बाम मनाकडे पाहतो: सगळ्यांना प्रिय असलेला माणूस गेला की दावेदाराचे दुःख त्या मोठ्या दुःखात विरते आणि राग निवतो. मला स्वतःला रम्बामचे म्हणणे अपुरे वाटते, कारण त्याला शरणपुरातल्या माणसापेक्षा दावेदाराचीच बाजू दिसते.

मिश्नेत मात्र याला एक जिवंत चित्र जोडलेले आहे. महायाजकाची आई शरणपुरातल्या माणसांना अन्न आणि कपडे पुरवत असे, का, तर त्यांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी प्रार्थना करू नये. ताल्मूद विचारतो, त्यांनी प्रार्थना केली म्हणून याजकाने का मरावे, त्याचा काय दोष? उत्तर: त्याने आपल्या पिढीसाठी करुणा भाकायला हवी होती, ती भाकली नाही. आणि लगेच एक कथा. एका माणसाला सिंहाने खाल्ले, तेव्हा रब्बी यहोशुआ बेन लेवी तिथून तीन परसंगांवर (परसंग हे अंतराचे जुने माप) होते. त्या एका घटनेमुळे एलिया संदेष्टा त्यांच्याशी तीन दिवस बोलला नाही. नकळत घडलेल्या मृत्यूचा काही भार त्या गावाच्या, त्या पिढीच्या वडीलधाऱ्यावरही पडतो. बांधकामावरून कामगार पडतो, उघड्या गटारात मूल वाहून जाते, तेव्हा आपण ‘कुणाचाच दोष नव्हता’ म्हणून मोकळे होतो. ताल्मुदाला हे मान्य झाले नसते.

महायाजकाआधी तो माणूसच वारला तर त्याला शरणपुरात पुरायचे, आणि नंतर याजक वारला की त्याच्या अस्थी वाडवडिलांच्या थडग्यात न्यायच्या. मुदत मेल्यावरही संपते आणि घर मेल्यावरही मिळते.

ताल्मुदातले पंडित रेश लाकीश यांची एक कथाही वाचकाला पुढे भेटेल. दोघांनी माणसे मारली आहेत, एकाने मुद्दाम, एकाने नकळत; दोन्हींना साक्षीदार नाही. देव दोघांना एकाच धर्मशाळेत आणतो. मुद्दाम मारणारा शिडीखाली बसतो, नकळत मारणारा शिडी उतरताना त्याच्यावर पडतो. पहिल्याला देहदंड मिळाला, दुसरा परागंदा झाला, हिशेब चुकता. कथा चतुर आहे, पण मला ती पटत नाही. मेलेला प्रत्येकजण मरण्यालायक होता असे तिच्यातून निघते, आणि कुऱ्हाडीच्या पात्याने मेलेल्या त्या सोबत्यावर तो अन्याय आहे.

हे सगळे प्रत्यक्षात कधी चालले का, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारला आहे आणि त्यांची मते वेगवेगळी आहेत. बायबलात शरणपुरात जाऊन राहिलेल्या एकाही माणसाची कहाणी नाही. आहे ती उलटी: अबनेराने लढाईत यवाबाच्या भावाला मारले होते, आणि यवाबाने त्याला गाठून ठार केले ते हेब्रोनच्या वेशीत, म्हणजे एका शरणपुराच्या दारात. मिश्नेचे संकलन इसवी सन २००च्या सुमारास झाले. मंदिर ७० साली पडले होते, महायाजक उरला नव्हता, लेव्यांची गावे उरली नव्हती. रुळाची आणि उकिरड्याची चर्चा करणाऱ्या पंडितांच्या हाती कुणाला शरणपुरात पाठवण्याची सत्ताच नव्हती. आपले राज्य बुडाल्यावरही ज्यांनी परक्या माणसाच्या अपघाताचा एवढा विचार केला, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

विसाव्या शतकात हा विषय पुन्हा वर आला. इमॅन्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाने मक्कोतच्या याच पानांवर व्याख्यान दिले. ते १९८२च्या त्याच्या पुस्तकात आहे. सुखवस्तू समाजात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या हातून नकळत इतरांचे बळी जात असतात, मग आपली शहरेही शरणपुरेच नव्हेत का, असा त्याचा प्रश्न आहे. छळाला कंटाळून पळालेल्या लेखकांना आसरा देणाऱ्या शहरांनीही पुढे हेच नाव घेतले. नाव घेतले, पण आशय वेगळा: तिथे येणारा निरपराध असतो. या पुस्तकाचा विषय तो नाही.

आपल्याकडे निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी दंडसंहितेत १८७० साली ३०४-अ हे कलम आले. आता त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे १०६वे कलम आहे. कैद आणि दंड यांपलीकडे त्याला काही सांगायचे नाही, आणि मेलेल्याच्या घरच्यांनी त्या माणसाकडे कसे पाहावे, त्याने कुठे आणि कसे जगावे, हे प्रश्न ते घेत नाही. मुंबईतल्या आणि कोकणातल्या बेने इस्राएलांच्या सभास्थानांत मात्र ‘गणना’चा हा भाग दरवर्षी ऐन पावसाळ्यात वाचला जातो. म्हणजे हा कायदा मराठी बोलणाऱ्या माणसांच्या कानांवर पिढ्यानपिढ्या पडत आलेला आहे.

या पुस्तकात तोरातील उतारे आधी, मग मिश्ना, मग ताल्मुदातली निवडक चर्चा आणि शेवटी रम्बामची संहिता, असा क्रम ठेवला आहे. मतभेद आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत. मिश्नेत अल्पमतही नोंदवतात, ते गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाचकांना एकच विनंती. मक्कोतचा दुसरा अध्याय अवघ्या आठ मिश्नांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. माझी ही प्रस्तावना बाजूला ठेवून तो आधी वाचा, आणि मग टीपा पाहा.